दुसरी हाक

थांबा, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. नंतर सांगू म्हणून ठेवलं की मी त्यातून माझा भाग हळूच काढून टाकते, हे मला कळून चुकलंय. गेले दोन महिने मी ही गोष्ट ऑफिसात, कॅन्टीनच्या रांगेत, कॅबमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला, सगळ्यांना सांगत आलेय. सगळे हसतात, मग म्हणतात काय गं हे. आणि दर वेळी मी एक वाक्य गाळते. आज नाही गाळणार. भराभर टाइप करतेय, म्हणजे थांबायला वेळच मिळणार नाही.

तर, मी ज्या गावची आहे ते गाव आता नाहीये. म्हणजे जागेवर आहे, पण पुण्यात आहे. कात्रजच्या अलीकडे. आधी महापालिकेत गेलं, मग रस्ता रुंद झाला, मग एकेका घराचे पत्रे उतरले आणि टॉवर उभे राहिले. आमचं घर होतं तिथं आता बी विंगचं पार्किंग आहे आणि आम्ही त्याच बी विंगमध्ये अकराव्या मजल्यावर राहतो, आई आणि मी. बाबा नाहीत. आई म्हणते, आपण कुठं हललोच नाही, नुसते वर गेलो.

गावामागची टेकडी मात्र वाचली, कारण तिथं निसर्ग केंद्र झालं. कुंपण, गेट, फुलपाखरांची बाग, झाडांवर पाट्या, आणि जागोजागी ‘शांतता राखा’ असे बोर्ड. टेकडीच्या माथ्याजवळ आमचा देव आहे. देव म्हणजे शेंदूर फासलेला दगड आणि वर पत्र्याचं छप्पर, बाकी काही नाही. केंद्राच्या नकाशात तो आठ नंबरचा पॉइंट आहे. सात नंबरला बांबूचं बेट आणि नऊ नंबरला स्वच्छतागृह.

मी दर रविवारी सकाळी त्या केंद्रात स्वयंसेवक म्हणून जाते. शाळेची मुलं येतात, त्यांना दोन-दोनच्या रांगेत फिरवायचं, नाचण दाखवायचा, शिंजीर दाखवायचा, आणि सतत ओठांवर बोट ठेवून शू, शू करायचं. तीन वर्षं करतेय. खरं सांगू का, मी पक्ष्यांसाठी नव्हते गेले सुरुवातीला. माझं ऑफिस खराडीला. आठवडाभर मी हेडफोनमधून माणसांशी बोलते, त्यातल्या निम्म्यांचे चेहरे मी पाहिलेले नाहीत. घरी येते तर लिफ्टमध्ये सगळे आपापल्या फोनमध्ये. रविवारी एखादी दुसरीतली मुलगी ‘ताई, माझा हात धर ना’ म्हणते. त्यासाठी जायचे.

आता जत्रा. चैत्री पौर्णिमेनंतरच्या रविवारी आमच्या देवाची जत्रा असायची. पाळणे-बिळणे काही नाहीत, अख्खं गाव टेकडीवर एका पंगतीत जेवायचं, एवढीच जत्रा. दर वर्षी एका घराकडे पाळी. पण मधली सहा वर्षं ती झालीच नाही. आधी रोगाची साथ होती, मग केंद्राचं बांधकाम निघालं, तोवर खालची घरं पडायला लागली आणि माणसं पांगली. यंदा मोठ्या काकांनी हट्ट धरला की जत्रा करायचीच, पाळी आपली आहे, ती सहा वर्षं अडकून पडलीय.

मोठे काका म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. आमच्याच विंगमध्ये चौथ्या मजल्यावर एकटे राहतात, काकू गेल्यापासून. कमी बोलणारा माणूस. संध्याकाळी बाल्कनीत खुर्ची टाकून टेकडीकडे तोंड करून बसतात. कुणी विचारलं काय बघताय, तर म्हणतात, काही न्हाई, ती हाय का बघतोय.

परवानगीचा अर्ज मीच टाइप केला. ‘अंदाजे दीडशे ग्रामस्थ’ असंही मीच लिहिलं. केंद्राच्या प्रमुख मॅडमना मी चांगली ओळखते आणि आधीच सांगते, त्या वाईट नाहीत. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. मग सरळ सांगितलं, की रविवारी अर्धा दिवस केंद्र बंद ठेवायचं म्हणजे वरच्यांना उत्तर त्यांना द्यावं लागणार. चूल आत पेटवायची नाही, पत्रावळी वापरायच्या, दुपारी चारला टेकडी रिकामी.

“माणसं आली, तर पुढच्या वर्षीसाठी मी स्वतः भांडेन,” त्या म्हणाल्या. “नाही आली, तर पाच जणांनी पूजा करायची, बस. मग मला काही करता येणार नाही.”

हे मी काकांना सांगितलं. काका म्हणाले, येतील की. न यायला काय झालंय.

त्यानंतर आवतण. आमच्यात त्याला चूलबंद आवतण म्हणतात. म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, घरचे, दारचे, आलेला पाहुणा, सगळ्यांनी देवाकडेच जेवायचं. पाळीच्या घरातल्या माणसानं दारोदार जायचं, उंबऱ्यावर चिमूटभर अक्षता ठेवायच्या आणि तोंडानं सांगायचं. पत्रिका नाही, फोन नाही. आत बसायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही, पुढच्या दारी निघायचं. हे काका करणार होते, पण नेमकं त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदूचं, आणि डॉक्टरनी उन्हाधुळीत फिरायला बंदी केली. म्हणून मी. मला तर काय, आनंदच झाला. मी लगेच एक्सेल शीट केली. एक्केचाळीस घरं. कोण कुठल्या सोसायटीत, कितव्या मजल्यावर, कुणाकडून पत्ता मिळाला, सगळं.

दोन आठवडे मी ऑफिस सुटल्यावर स्कूटर घेऊन हिंडत होते. बहुतेक घरं इथल्याच टॉवरमध्ये, काही लांब गेलेली. एक घर पार कसबा पेठेत, तिथं गल्लीच्या तोंडाला स्कूटर लावून चालत जावं लागलं. एक खराडीला, माझ्या ऑफिसपासून दोन सिग्नलवर, आणि मला तीन वर्षांत माहीतही नव्हतं. सोसायट्यांच्या गेटवर ते ॲप असतं ना, वॉचमन विचारतो गेस्ट, कॅब का डिलिव्हरी. मी पहिल्या दिवशी समजवत बसले, दुसऱ्या दिवसापासून सरळ डिलिव्हरी सांगायला लागले. दारात उभी राहून मुठीतल्या अक्षता काढायच्या आणि म्हणायचं, रविवारी देवाकडं चूलबंद आवतण हाय. हे ‘हाय’ मी आरशासमोर म्हणून बघितलं होतं, आमच्या घरात काका सोडले तर आता सगळे ‘आहे’ म्हणतात. एका घरात मी अक्षता ठेवल्या आणि त्यांचं ते फरशी साफ करणारं गोल यंत्र आलं आणि सगळ्या ओढून घेऊन गेलं. त्या घरची सून एवढी ओशाळली की तिनं मला आत ओढायला सुरुवात केली, आणि मी दाराची चौकट धरून नाही, नाही, आत यायचं नसतं.

एक आजोबा म्हणाले, सहा वर्षांनी जाग आली का देवाला. दुसरे म्हणाले, पोरीला पाठवलं व्हय आवतणाला, बरं झालं, गुडघे तरी शाबूत असतील. टोमणे मारत होते, पण सगळ्यांचे चेहरे असे उघडत होते ना. दार लावून घेताना मागून आवाज यायचा, अगं ऐकलंस का, जत्रा हाय. सगळ्यांनी येतो म्हटलं. तरुण लोक वेळ विचारायचे, मी सांगायचे बारा वाजता. एक्केचाळीस घरं, एक्केचाळीस हिरव्या चौकटी. मी ती शीट काकांना मोठी करून दाखवली. त्यांनी काळ्या गॉगलमधून पाहिली आणि म्हणाले, हिरवं दिसतंय.

रविवारी पहाटेपासून आई आणि दोन आचारी गेटबाहेरच्या पार्किंगमध्ये, टेम्पोच्या सावलीला. गॅसच्या शेगड्यांवर लापशी, आमटी, भात. साडेअकरापर्यंत पातेली हातगाडीवरून वर गेली. पूजा झाली. पत्रावळींचे गठ्ठे मी सुतळी सोडून मांडून ठेवले, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर दगड. मॅडम रजिस्टर घेऊन गेटपाशी खुर्चीत. येणारे शाळकरी, कॅमेरेवाले, धावायला येणारे, सगळ्यांना त्या परत पाठवत होत्या, आज गावची जत्रा आहे, चारनंतर या.

बारा वाजले. कुणी नाही.

आणि आता ते वाक्य येतंय.

देवाच्या पलीकडे एक सपाट खडक आहे. आता तिथं रेलिंग आहे आणि पक्षीनिरीक्षणाची जागा असा फलक. काका टोपी सारखी करून त्या खडकावर गेले, गावाकडे तोंड करून उभे राहिले, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि त्यांनी हाक दिली. “चलाऽऽ होऽऽऽ.” एवढा आवाज त्या माणसात आहे हे मला माहीत नव्हतं. खालच्या झाडीतून लावे पक्षी भर्रकन उडाले. गेटपाशी मॅडमनी मान वर केली. आणि मी धावले. मी धावत गेले, तीन वर्षांच्या सवयीनं ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “काका, शू. इथं ओरडायचं नसतं.”

त्यांनी पुढच्या हाकेसाठी छातीत हवा भरून घेतलेली होती. ती त्यांनी सोडून दिली. नुसती, नाकातून. गॉगल होता, त्यामुळे डोळे दिसले नाहीत. हात खाली घेतले आणि खडकावरून उतरले.

हे ते वाक्य. काकांना मी गप्प केलं.

मला वाटलं होतं ते आनंदानं ओरडतायत, मॅडम चिडतील, पुढच्या वर्षीचं गणित बिघडेल. मी त्यांची जत्रा वाचवत होते, माझ्या मते.

साडेबारा झाले. मी म्हटलं सगळ्यांना फोन करते. काकांनी माझ्या हातातला फोन खाली दाबला. “आवतण दिलंय. येताय का, येताय का, असं विचारायचं नसतं. भीक मागितल्यागत होतं ते.” मग आम्ही बसलो. आई पातेल्यांवर ओला कपडा टाकून परत परत सारखा करत होती. आचारी फोन बघत होते. एक वाजला. ऊन असं की पत्र्याचा कडकड आवाज येत होता. मी गेटपर्यंत तीनदा जाऊन आले. मॅडमच्या रजिस्टरमध्ये आमचीच पाच नावं. त्यांनी मला पाण्याची बाटली दिली, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

वर आले तर काका देवाशेजारी बसलेले. टोपी काढून मांडीवर ठेवली होती. म्हणाले, “आता कुनी येत न्हाई. ज्याचं त्याचं घर झालं.” आई म्हणाली, भाऊजी, तुम्ही तरी दोन घास खा. तर म्हणाले, पाळीचं घर शेवटी जेवतं.

पावणेदोनला माझा फोन वाजला. खराडीच्या मावशी. गावात त्यांची पिठाची गिरणी होती, म्हणून सगळे गिरणीवाल्या मावशी म्हणायचे. आता मुलाकडे चौदाव्या मजल्यावर असतात.

“पोरी, हाक दिली का गं?”

मी म्हटलं, कसली हाक?

“अगं, आमच्यापतुर काय ऐकू येणार न्हाई म्हणून लाज सोडून फोन केला. सकाळपासनं गॅस बंद हाय. नातवंडं तयार होऊन बसल्यात, बिस्किटं मागत्यात, मी म्हणते थांबा, हाक येऊ दे. अजून पंगत मांडली न्हाई व्हय?”

मी फोन तसाच कानाला धरून काकांकडे बघितलं. म्हटलं, काका, हाक म्हणजे काय असतं?

त्यांना आधी कळेचना मी काय विचारतेय. मग हळूहळू सांगितलं, जसं कुणी श्वास कसा घ्यायचा ते सांगेल. पान वाढायला घेतलं की खडकावरून हाक द्यायची. ती आली की खाली माणसं उठतात. त्याआधी कुणी निघत नाही. स्वयंपाक झाला का म्हणून डोकावायला गेल्यासारखं होतं ते. हावरटपणा. आवतण दोन आठवडे आधी का दिलेलं असेना, हाकेशिवाय पाय उचलत नाही माणसाचा. मग मघाशी का नाही बोललात, म्हटलं, तर म्हणाले, एक गेली होती की, वाटलं यायचं असतं तर तेवढ्यावर आली असती.

मी लहानपणी जत्रेला यायचे तेव्हा सकाळपासूनच वर असायचे, आमटीच्या पातेल्याभोवती. खालून माणसं कशी निघतात हे मी कधी पाहिलंच नव्हतं. खडकावरून कुणी ओरडलं तरी तो मला जत्रेचाच गोंगाट वाटायचा. मला वाटायचं बारा वाजतात आणि गाव येतं.

म्हणजे ती सगळी बसलीयेत. आत्ता. घरोघर.

मी म्हटलं काका, चला, परत द्या हाक, मॅडमना मी बघते. ते उठले. खडकावर गेले. पण नुसते समोर बघत राहिले. समोर ए विंग ते एफ विंग, मध्ये सर्व्हिस रोड, त्यापलीकडे हायवेचा तो आवाज. म्हणाले, मघाशी दम होता. मग मी फोन पुढे केला. म्हटलं यात द्या, मी सगळ्यांना पाठवते. त्यांनी तोंडाभोवती हात धरले, फोनकडे बघितलं, हात खाली घेतले. “एवढ्या जवळ कसं ओरडायचं?” असं म्हणाले आणि फोनमध्ये हळू आवाजात बोलले, हॅलो, जेवायला चला, आपलं झालंय तयार. बँकेत बोलतात तसं. मी ते कुणालाच पाठवलं नाही. अजून आहे माझ्याकडे.

मी मावशींना परत फोन करून निघा म्हटलं, आणि आवतण फोनवर नसतं तर हाक तरी कशी देणार, म्हणून बाकीच्यांसाठी स्कूटर काढली. सव्वादोन वाजले होते. चारला टेकडी रिकामी.

ए विंग, सहावा मजला. दार उघडलं आणि बघते तर आजोबा, आजी, मुलगा, सून, सगळे हॉलमध्ये सोफ्यावर, इस्त्रीच्या कपड्यांत. टीव्ही बंद. चपला दाराशी जोडीनं लावलेल्या. खिडकी टेकडीच्या बाजूची, सताड उघडी, एसी बंद करून. मी म्हटलं चला, पानं वाढलीत. आजोबा उठले आणि चपलेत पाय घातला.

वरच्या मजल्यावर तेच. सी विंगला तेच. मी लिफ्टची वाट बघणं सोडून दिलं, जिन्यानं पळत होते, आणि प्रत्येक दारामागे तेच चित्र, चांगले कपडे घातलेली, भुकेली, गप्प बसलेली माणसं. एकमेकांच्या डोक्यावर आणि पायाखाली बसलेली होती ती, भिंतीला भिंत, आणि कुणालाच माहीत नव्हतं की शेजारीही बसलेत. कुणी कुणाला विचारलं नाही, कारण विचारायचं नसतं.

काही ठिकाणी उशीर झाला होता. एका घरात बिर्याणीचा डबा उघडा होता आणि मुलगा मला बघून तो पाठीमागे लपवायला लागला. एका घरात लहान बाळ झोपलं होतं, आता कसं उठवणार. एका दाराला कुलूप. एक ताई जरा रागानंच म्हणाल्या, बारा म्हणाली होतीस ना, दोन तास वाट बघितली, आता गोळी घेऊन खिचडी खाल्ली बाई, शुगर आहे मला. चुकलं, म्हटलं, आणि पुढच्या दारी गेले.

सी विंगच्या चौथ्या मजल्यावर ते गुडघ्यांचं बोलणारे आजोबा. खिडकीजवळच खुर्ची टाकून बसलेले. मी म्हटलं, आजोबा, चला, हाक राहून गेली.

“राहिली न्हाई,” ते म्हणाले. “एक आली. बाराच्या टायमाला. मी म्हटलं म्हातारीला, आली बघ.”

मी म्हटलं, मग?

“एका हाकेवर कोन उठतं गं. एक हाक कशाची बी असते. वाऱ्याची असते, भुताची असते. दुसरी आली की माणसाची. दुसरीची वाट बघत होतो.”

मी तिथं जिन्यात बसले. मग उठले, कारण अजून डी, ई, एफ राहिल्या होत्या.

सगळ्या दारांपर्यंत मी पोचलेच नाही, आणि चार वाजेपर्यंत टेकडीवर सव्वीस माणसं जेवली. मी मोजली नाहीत, मॅडमनी मोजली, त्यांना मोजायचीच होती. जेवली ती मात्र अशी जेवली ना. आमटी पिऊन, परत मागून, एकमेकांना वाढून. तू कुठल्या विंगला, अरे मी तुझ्याच खाली, असं चाललं होतं. आणि मग चार वाजले, शिट्टी झाली, सगळे पत्रावळी गोळा करून खाली उतरले. मॅडम माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, दीडशे लिहिलं होतं तुम्ही. मी म्हटलं, बाकीचे घरी वाट बघत होते. त्या म्हणाल्या, “मी हे रजिस्टरमध्ये कसं लिहू?” खरंच विचारत होत्या.

गिरणीवाल्या मावशी पाच वाजता पोचल्या. कॅब मिळण्यातच तास-दीड तास गेला, मग खराडीहून रविवारच्या ट्रॅफिकमधून, तीन नातवंडांना घेऊन, सकाळपासून उपाशी. आमच्यासाठी गेट बंद. आत फिरायला आलेल्या लोकांना सोडत होते, तिकीट काढून, पण पंगत संपली होती, पातेली खाली टेम्पोत आली होती. आईनं पार्किंगच्या कडेला सतरंजी टाकली आणि त्यांना तिथंच वाढलं. मावशींनी आधी कुंपणाच्या जाळीतून वर बघत हात जोडले. देव तिथून दिसत नाही, बांबू आडवे येतात. तरी जोडले.

मग पहिला घास घेऊन त्या काकांना म्हणाल्या, “व्हय रे, हाक दिली न्हाईस तू? तुझा आवाज तर पार ओढ्यापलीकडं जायचा.”

काका टेम्पोच्या फळीवर बसले होते. सकाळपासून त्यांनीही काही खाल्लं नव्हतं. मी त्यांच्या समोर उभी होते, हातात लापशीचं भांडं.

“दिली,” ते म्हणाले. “एक दिली. मग घसाच बसला माझा.”

मावशी म्हणाल्या, वय झालं आता, गरम पाण्याच्या गुळण्या कर. काका म्हणाले, करतो.

आणि मी वाढत राहिले. मी नाही बोलले की मावशी, घसा नाही बसला, मी बोट ठेवलं. तेव्हा बोलायला हवं होतं. एक सेकंद लागला असता. काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, म्हणजे मला अवघड होऊ नये म्हणून नाही बघितलं, हे मला कळलं. त्यानंतर आम्ही दोघं लिफ्टनं वर आलो तेव्हाही मी नाही बोलले. चौथा आला, ते उतरले, दार बंद झालं.

तीन आठवड्यांनी केंद्राचं पत्र आलं. मॅडमनी फोन करून आधी सांगितलं होतं, त्यांना वाईट वाटलेलं आवाजात कळत होतं. पुढच्या वर्षीपासून पूजेला पाच व्यक्ती, सकाळी सात ते आठ. मी ते पत्र काकांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, पाचात कोण कोण? मी म्हटलं तुम्ही ठरवायचं. ते म्हणाले, मग जाईल एखादा, वात लावून येईल.

मी रविवारी केंद्रात जायचं सोडलेलं नाही. मुलं येतात, हात धरतात. पण आता त्यांना गप्प बसा सांगताना माझं बोट अर्ध्यात थांबतं. परवा एका मुलानं त्या सपाट खडकावर उभं राहून उगाच हाका मारल्या, त्याच्या मित्राला, आणि मी त्याला तीन मारू दिल्या. मग म्हटलं, चल आता.

काल मी काकांकडे गेले होते. सांगायचंच असं ठरवून. ते बाल्कनीत बसले होते. मी म्हटलं, काका, त्या दिवशी मी तुम्हाला… ते म्हणाले, चहा घेतेस का? मी म्हटलं, हो. त्यांनी चहा टाकला, आम्ही प्यायलो. डोळा आता बरा झालाय, गॉगल गेला. तरी मी त्यांच्या डोळ्यांत बघू शकले नाही, कपातच बघत होते. मग वर आले आणि हे लिहायला बसले. म्हणजे त्यांना सांगायच्या आधी तुम्हाला सांगतेय. उलटं झालंय, कळतंय मला.

लिहून झालं की प्रिंट काढून त्यांच्या दारात सरकवणार होते. पण त्यांना माझं टाइप केलेलं वाचायला चष्मा लागतो, आणि तो कुणीतरी शोधून द्यावा लागतो. म्हणजे तिथं थांबावंच लागणार. तर आत्ता खाली जाते आणि वाचूनच दाखवते, मोठ्यानं, हे गाळलेलं वाक्य धरून.

तुम्ही तेवढं सांगा मला. असं तुमचं कधी झालंय का? आपल्या माणसाला बरोबर नको त्या क्षणी गप्प केलंत, आणि त्यानं ते स्वतःच्या अंगावर घेतलं? किंवा तुम्ही त्या सोफ्यावरच्या माणसांसारखे तयार होऊन, पोटात काही न घालता, खिडकी उघडी टाकून बसलात, एक हाक आली असं वाटलं, आणि दुसरी आलीच नाही?